संग्रहालयातील कला-उपक्रम आणि ज्येष्ठांचे स्वास्थ्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघांचे कार्यकर्ते, विरंगुळा केंद्रे चालवणारी मंडळी, संग्रहालयांचे कर्मचारी आणि घरातील वडीलधाऱ्यांसाठी काही करू पाहणारी मुले-सुना यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या विषयावरचे बहुतेक संशोधन कॅनडा, इंग्लंड आणि अमेरिका या देशांत झालेले असल्यामुळे पुराव्याची चर्चा मुख्यतः तिथलीच आहे. ते आपल्याकडे कसे उतरवता येईल, याविषयीची उत्तरे त्यानंतर येतात.

‘संग्रहालयातील कला-उपक्रम’ म्हणजे नेमके काय? आमचा संघ दरवर्षी संग्रहालयाची सहल काढतोच.

सहल आणि उपक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक सुरुवातीलाच लक्षात घेणे फार आवश्यक आहे. सहलीत पन्नास माणसे बसने येतात, दीड तासात सगळी दालने पालथी घालतात, मार्गदर्शक पुढे बोलत जातो, मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि शेवटी सर्वांचे लक्ष जेवणाकडे लागते. त्यात आनंद आहेच, तो कोणी नाकारू नये. उपक्रमाची घडण मात्र निराळी असते. आठ ते बारा जणांचा तोच गट, ठरलेल्या वारी, सलग काही आठवडे संग्रहालयात येतो. एका भेटीत तीन-चार कलाकृतींपेक्षा जास्त काही पाहिले जात नाही. प्रत्येक कलाकृतीसमोर बसून बोलणे होते आणि अनेकदा त्यानंतर रेखाटन, रंगकाम, मातीकाम किंवा लेखन असे हाताने करण्याचे काही असते. मुद्दाम आखलेला संथपणा, सातत्य आणि सोबत या तीन गोष्टी असतील तरच त्याला उपक्रम म्हणावे.

याने खरोखर फायदा होतो, याला काही आधार आहे का?

आहे. मात्र तो किती भक्कम आहे, हे अभ्यासागणिक बदलते.

कॅनडातील मॉन्ट्रियल ललितकला संग्रहालयात ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी दर गुरुवारी दोन तासांचा कला-उपक्रम तीन महिने चालवला गेला, आणि वार्धक्यशास्त्राचे तज्ज्ञ ऑलिव्हिए बोशे यांच्या पथकाने सहभागी व्यक्तींची आधीची व नंतरची स्थिती तपासली. मनःस्वास्थ्य व जीवनमान सुधारले आणि वार्धक्यजन्य दुर्बलता, म्हणजे वयोमानाने शरीराची आणि मनाची सावरण्याची ताकद कमी होत जाणे, हीदेखील काहीशी घटलेली दिसली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे झालेला बदल केवळ उपक्रमामुळेच झाला असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. ही उणीव त्याच पथकाने पुढे भरून काढली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०६ ज्येष्ठांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, ५३-५३ अशा दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला तीन महिने दर आठवड्याला संग्रहालयाची ऑनलाइन मार्गदर्शित फेरी दिली, दुसऱ्याला दिली नाही. पहिल्या गटातील व्यक्तींचे एकाकीपण, मनःस्वास्थ्य, जीवनमान आणि दुर्बलता या सर्व बाबतींत सुधारणा आढळली आणि सर्वांत मोठा फरक दुर्बलतेच्या मोजमापात होता.

इंग्लंडमध्ये २०१४ ते २०१७ या काळात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि कँटरबरी क्राइस्ट चर्च विद्यापीठ यांनी ‘म्युझियम्स ऑन प्रिस्क्रिप्शन’ हा प्रकल्प राबवला. आरोग्यसेवा आणि समाजसेवी संस्थांनी पाठवलेल्या, एकाकी पडण्याची शक्यता असलेल्या ६५ ते ९४ वयाच्या ११५ व्यक्तींनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा संग्रहालयात येऊन सत्रांमध्ये भाग घेतला. सत्रांच्या आधी आणि नंतर त्यांना गुंगून जाणे, उत्साह, आनंद, प्रोत्साहन, नवे उमगणे आणि प्रेरणा या सहा भावनांची नोंद करायला सांगितले गेले. गुंगून जाणे आणि नवे उमगणे या दोन भावना इतरांपेक्षा अधिक वाढल्या. माझ्या मते हा निष्कर्ष सर्वांत बोलका आहे. वयस्कर माणसांसाठी कार्यक्रम आखताना आपण बहुधा त्यांची करमणूक करण्याचा विचार करतो. या वयातही नवे काही कळण्याची भूक असते, आणि ती भागली की माणूस खुलतो, हे आपण विसरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात संग्रहालये हा एक भाग आहे. संगीत, नृत्य, नाट्य आणि साहित्य यांविषयीचा पुरावाही त्यात एकत्र केलेला आहे.

संग्रहालयात गेल्याने आयुष्य वाढते, असे वाचले होते. ते खरे आहे का?

हा दावा ज्या अभ्यासावरून केला जातो, तो इंग्लंडमधील पन्नाशीपुढच्या ६७१० व्यक्तींचा आहे. त्यांच्याविषयीची माहिती १४ वर्षे गोळा केली गेली आणि निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. संग्रहालय, कलादालन, नाटक किंवा मैफल अशा ठिकाणी दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यू होण्याचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी होता, तर वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांमध्ये तो १४ टक्क्यांनी कमी होता. संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, आजार, हालचालीची क्षमता असे अनेक घटक हिशेबात घेतले होते. तरीही हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, म्हणजे लोक आपणहून जसे वागले त्याची केवळ नोंद त्यात आहे. जो माणूस घराबाहेर पडू शकतो, ज्याच्याकडे पैसा आणि सोबत आहे, तोच नाटकाला जातो, आणि तो मुळातच जास्त जगण्याची शक्यता असते. ही गुंतागुंत पूर्णपणे सोडवता येत नाही. त्यामुळे संग्रहालयाचे तिकीट काढले की आयुष्य वाढते, असे कोणी सांगत असेल तर ते मानू नये.

मग फायदा नेमका कशामुळे होतो?

एकाच कारणाकडे बोट दाखवता येणार नाही. घरातून ठरलेल्या वेळी तयार होऊन बाहेर पडणे, चालणे, चार माणसांना भेटणे, कोणी तरी आपली वाट पाहणार आहे हे ठाऊक असणे, यांचा वाटा मोठा आहे. एवढे मात्र भजनी मंडळातही मिळते, बागेतल्या बाकावरच्या मित्रमंडळातही मिळते. संग्रहालयाचे वेगळेपण असे की तिथे बोलण्याचा विषय समोर ठेवलेला असतो आणि तो प्रकृती, पेन्शन किंवा सुनेविषयीची तक्रार हा नसतो. चित्राविषयी बोलताना चूक-बरोबर असे काही नसल्यामुळे कमी शिकलेल्या आजीचे निरीक्षण आणि निवृत्त प्राध्यापकांचे निरीक्षण यांना सारखेच मोल राहते. आजीचे बहुधा अधिक नेमके असते, कारण साडीचा पोत, भांड्याचा घाट, दागिन्याची घडण या गोष्टी तिने आयुष्यभर हाताळलेल्या असतात.

त्यात आठवणीचाही भाग असतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथे छापलेली देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरच्या देवघरात आणि दुकानांत पोचली. कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती, हे चित्र आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाने लहानपणी कुठे ना कुठे पाहिलेले असतेच. त्या चित्रासमोर गट बसवून “हे तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलेत?” एवढेच विचारले, तर आजोळचे माजघर, काचेवर बसलेला उदबत्तीचा काजळ थर, चौकटीमागे खोचून ठेवलेली पत्रे, असे एकेक निघत जाते. पण तिथेच थांबू नये. “लक्ष्मीच्या मागचे पाणी पाहा, ते कुठले वाटते? तिचा चेहरा कोणत्या प्रांतातल्या बाईचा वाटतो?” असे पुढचे प्रश्न विचारावेत. मघाशी ज्या नव्या उमगण्याचा उल्लेख आला, ते अशा प्रश्नांतून सुरू होते, आणि हजार वेळा पाहिलेले चित्र माणूस पहिल्यांदाच पाहू लागतो.

चित्रे नुसती पाहणे पुरेसे आहे की स्वतः काही करणे अधिक उपयोगी?

जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे निवृत्तीच्या वयातील २८ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हीच तुलना केली होती. एक गट दहा आठवडे स्वतः चित्रे काढत होता आणि दुसरा गट संग्रहालयात कलाकृती पाहून त्यांविषयी चर्चा करत होता. मेंदूच्या विशिष्ट भागांमधील परस्परसंपर्क आणि ताण पेलण्याची मानसिक क्षमता यांत सुधारणा झाली ती चित्रे काढणाऱ्या गटात. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. तरीही सत्राचा शेवटचा अर्धा तास हाताने करण्याच्या कामाला द्यावा, असे सुचवण्याइतका आधार त्यातून नक्की मिळतो.

“मला चित्रकला येत नाही” हे वाक्य प्रत्येक गटात ऐकू येते. त्यावर समजूत घालत बसण्यापेक्षा कामच असे द्यावे की ज्यात चित्रकलेची परीक्षा होणार नाही. उदाहरणार्थ, पाहिलेल्या पैठणीच्या पदरावरचा एकच मोर घोटीव कागदावर गिरवणे, रांगोळीच्या ठिपक्यांतून नवी नक्षी जुळवणे, किंवा मासिकांतील कागदाचे तुकडे चिकटवून चित्र तयार करणे. लहान मुलांची रंगवायची पुस्तके मात्र देऊ नयेत. ज्यांनी संसार उभे केले, कचेऱ्या सांभाळल्या, शेती केली, त्यांच्यापुढे बालवाडीचे साहित्य ठेवणे हा त्यांचा अवमान आहे आणि तो त्यांना जाणवतो, बोलून दाखवला नाही तरी.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना यात घेता येते का?

घेता येते, आणि घ्यावे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे मोमाने, अल्झायमरच्या सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातील व्यक्तींसाठी ‘मीट मी अॅट मोमा’ हा कार्यक्रम २००६ साली सुरू केला. संग्रहालय इतरांसाठी बंद असताना लहान गट येत, मोजक्याच कलाकृतींसमोर बसत आणि त्यांची काळजी घेणारी मुलगी, पती किंवा पत्नीही त्याच गटात सहभागी म्हणून बोलत. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. आजारी माणसाला सांभाळणाऱ्याचे आयुष्य औषधांच्या वेळा आणि शौचाच्या सूचना यांत आकसून गेलेले असते. तासभर दोघांनी शेजारी बसून एकाच चित्राविषयी बोलणे, हा त्या दोघांनाही मिळालेला दुर्मिळ मोकळा वेळ असतो. लिव्हरपूलच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी २०१२ पासून ‘हाउस ऑफ मेमरीज’ या नावाने काळजीवाहकांना प्रशिक्षण देण्याचे काम सुरू केले, तेही याच जाणिवेतून.

आपल्याकडे ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतील अनेक कुटुंबे “आता वयच झाले” म्हणून गप्प राहतात. अशा व्यक्तीशी बोलताना “आठवतेय का?” असा प्रश्न टाळावा, कारण तो परीक्षेसारखा लागतो. त्याऐवजी “यातली बाई काय करत असेल?”, “इथे आवाज कसले येत असतील?” असे समोर दिसणाऱ्या गोष्टीविषयी विचारावे. उत्तर विसंगत वाटले तरी दुरुस्त करू नये. उपक्रमाने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. त्या तासापुरती मनःस्थिती सुधारते, घरचे माणूस पुन्हा माणूस म्हणून भेटते, आणि एवढे फळ पुरेसे मानून काम करावे.

महाराष्ट्रात यासाठी कोणती संग्रहालये सोयीची आहेत?

मोठे नाव पाहण्यापेक्षा वस्तू ओळखीच्या आहेत का, हे पाहावे. त्या दृष्टीने पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अत्यंत योग्य आहे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिनकर केळकरांनी जमवलेल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मृतीला वाहिलेल्या वीस हजारांच्या आसपास वस्तूंमध्ये दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी, कुलपे, दौती, वाद्ये अशा रोजच्या वापरातील गोष्टींचा भरणा आहे. एकट्या अडकित्त्यांच्या कपाटासमोर अर्धा तास सहज जातो. स्त्री-पुरुषांच्या, पक्ष्यांच्या, घोड्यांच्या आकारांचे अडकित्ते पाहता पाहता सुपारी कातरण्याची पद्धत, पानाचे तबक कोणापुढे आधी सरकवायचे, घरातल्या स्त्रियांनी पान कधी खायचे, अशा कित्येक गोष्टी निघतात, आणि त्यांतील कितीतरी कुठल्याच फलकावर लिहिलेल्या नसतात.

मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातील जुन्या मुंबईतील व्यवसायांच्या आणि लोकजीवनाच्या मातीच्या प्रतिकृती, तसेच छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातील लघुचित्रे आणि शिल्पे यांचा उपयोग होतो. सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय पंतप्रतिनिधींच्या संग्रहातून उभे राहिले असून तिथे रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत. मात्र ते टेकडीवर आहे, हे ज्येष्ठांना नेताना विसरू नये. नागपूरकरांना ‘अजब बंगला’ म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय जवळचे आहे. तालुक्याच्या गावी यांपैकी काहीच नसेल, तर गावातील जुना वाडा, मंदिरातील भित्तिचित्रे किंवा एखाद्या कुटुंबाकडील जुन्या वस्तू यांवरही हेच सत्र घेता येते.

जाण्याआधी कोणती पूर्वतयारी करावी?

संघाच्या दोन कार्यकर्त्यांनी आधी स्वतः जाऊन यावे आणि ज्येष्ठांच्या पायांनी चालून पाहावे. जिने किती आहेत, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, उद्वाहन चालू आहे का, स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे आणि तिथे कमोड आहे का, पिण्याचे पाणी कुठे आहे, हे तपासावे. स्वच्छतागृहाची खात्री नसल्यामुळे कितीतरी बायका सकाळपासून पाणी पिणे टाळतात आणि मग दुपारी चक्कर येते. हा विषय संकोच न बाळगता आधीच बोलावा.

बसण्याची सोय ही तर निम्मी लढाई आहे. संग्रहालयात उभे राहून, वाकून, मान वळवून पाहताना येणाऱ्या थकव्याविषयी बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच छायाचित्रांसह लिहिले होते, तरी आजही बहुतेक दालनांत बाक नसतात. घडीच्या हलक्या खुर्च्या आत नेण्याची परवानगी लेखी पत्र देऊन आधीच घ्यावी. प्रकाशाचाही विचार करावा लागतो. साठीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि लघुचित्रांसारख्या नाजूक कलाकृतींच्या दालनात रंग विटू नयेत म्हणून उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. तिथे दिवे वाढवा असे म्हणता येत नाही. म्हणून त्या चित्राची मोठ्या आकाराची छापील प्रत हातात द्यावी आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत गटाने थोडे थांबावे.

वेळ सकाळी अकराची बरी. शाळांच्या सहली कोणत्या दिवशी येतात ते विचारून तो दिवस टाळावा, कारण गोंगाटात श्रवणयंत्र लावणाऱ्यांना काहीच कळत नाही. एसटीने जाणार असाल तर ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना राज्यांतर्गत मोफत प्रवास आहे, त्यासाठी वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

सत्र कोणी घ्यावे? कलेतील तज्ज्ञ लागतो का?

माहिती असणारा माणूस हवा, पण त्याला गप्प बसता आले पाहिजे. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद शांतता राहिली की अनेक जण घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात. वयस्कर माणसाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो. निवृत्त कलाशिक्षक, इतिहासाचे विद्यार्थी, ग्रंथपाल यांना थोड्या सरावाने हे काम चांगले जमते. बोलणाऱ्या एका-दोघांनी सत्र व्यापू नये आणि न बोलणाऱ्याला नाव घेऊन भरीस घालू नये, एवढे भान राखावे.

घराबाहेर पडणेच शक्य नसेल तर?

मॉन्ट्रियलची १०६ जणांची चाचणी ऑनलाइन फेऱ्यांचीच होती. त्यात ४५ मिनिटांची मार्गदर्शित फेरी आणि नंतर १५ मिनिटांची चर्चा असे स्वरूप होते. त्यामुळे घरबसल्या उपक्रमाला आधार नाही असे नाही. फक्त मोबाइलच्या लहान पडद्यावर नातवाने व्हिडिओ लावून निघून जाणे म्हणजे तो उपक्रम होत नाही. पडदा मोठा असावा, वेळ ठरलेली असावी आणि चर्चेला पलीकडे खरी माणसे असावीत. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी उलट दिशेनेही जाता येते. इंग्लंडमध्ये संग्रहालयातील निवडक वस्तू रुग्णालयात नेऊन खाटेशेजारी हातात देण्याचे प्रयोग झाले आहेत. आपल्या घरातही पितळी पानाचा डबा, जुनी फाउंटन पेन, खण-चोळीचा तुकडा असे काही असतेच. त्यातली एक वस्तू हातात देऊन निवांत बोलावे.

हे औषधोपचारांना पर्याय ठरू शकते का?

नाही. मॉन्ट्रियलमध्ये २०१८ पासून तेथील फ्रेंचभाषक डॉक्टरांच्या संघटनेचे सदस्य रुग्णाला संग्रहालयभेट लिहून देऊ शकतात, परंतु ती चालू उपचारांच्या जोडीला असते. सतत उदास वाटणे, झोप व भूक जाणे, जगणे नकोसे होणे अशी लक्षणे असतील तर आधी डॉक्टरांकडेच न्यावे.

आई “आता या वयात कशाला” म्हणते. आग्रह करावा का?

एकदा करावा, दुसऱ्यांदा वेगळ्या पद्धतीने करावा, आणि त्यानंतर थांबावे. “तुझ्या तब्येतीसाठी चांगले आहे” असे म्हटले की नकार पक्का होतो, कारण तब्येतीसाठी करायच्या गोष्टींना ती आधीच कंटाळलेली असते. “मला त्या जुन्या भांड्यांची नावे माहीत नाहीत, तू सोबत ये” हे बोलावणे खरे असेल तर ते चालते. पहिल्या वेळी तिची एखादी मैत्रीण बरोबर असेल तर उत्तम.

दहा-बारा आठवड्यांचा क्रम संपल्यावर काय करावे?

हा प्रश्न शेवटच्या सत्रात विचारला जातो आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. ज्यांना आठवड्यातला एक दिवस वाट पाहण्याजोगा मिळाला, त्यांच्याकडून तो अचानक काढून घेणे बरे नव्हे. म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच गटातील दोघा-तिघांकडे वस्तू निवडण्याचे आणि प्रश्न काढण्याचे काम सोपवावे, सर्वांचे फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून द्यावेत, आणि क्रम संपल्यावर महिन्यातून एकदा त्याच वारी गटाने स्वतःहून भेटावे अशी व्यवस्था संग्रहालयाशी बोलून आधीच पक्की करावी.